काकाजींची गिटार

मागच्या चैत्रात तेल्हाऱ्याच्या आमच्या जुन्या घराचे छप्पर बदलायचे ठरले आणि माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. ज्या घरातून तीन पिढ्या कापूस, सरकी आणि तुरीचा व्यापार झाला, त्या घराच्या माळ्यावर काय काय साचते हे आपल्या वाचकांना सांगावयास नको. तागाची पोती, पितळी मापे, लाल बासनात बांधलेल्या चोपड्या, लग्नातले पाट, एक मोडका पाळणा. या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकवून ठेवलेली, काळ्या कापडाने मढवलेली एक लांबट पेटी होती. ती तेथे आहे हे घरातील इतर कोणाला आठवत नव्हते. मला आठवत होते.

पेटी खाली उतरवून ओट्यावर उघडली तेव्हा माझ्या मुलीने विचारले, "ही कोणाची?" मी म्हटले, "काकाजींची." तिला विश्वास बसला नाही. तिने काकाजींना पाहिले ते गादीवर बसलेले, चष्मा कपाळावर सरकवून व्याजाचा हिशेब तोंडी करणारे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून ओट्यावर शतपावली करणारे. त्या बोटांनी कधी तारा छेडल्या असतील ही कल्पनाच तिला नवी होती.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे बंधू. १९६७ ते १९७० या काळात ते नागपूरला वाणिज्य शाखेत शिकत होते. अजनीच्या रेल्वे वसाहतीतील एक अँग्लो-इंडियन गृहस्थ नोकरी संपवून परदेशी निघाले होते आणि घरातील सामान विकत होते. त्यांच्याकडून काकाजींनी ही गिटार सव्वाशे रुपयांना घेतली. खाणावळीचे पैसे वाचवण्यासाठी काही महिने ते एकाच वेळी जेवले, आणि घरी 'एकाशने चालू आहेत' असे पत्र लिहिले. दादीजींनी त्या तपाची अनुमोदना केली होती! ही गोष्ट काकाजींनी स्वतःच पुढे कितीदा तरी हसत सांगितली आहे. मात्र हसण्याचे ते दिवस १९८३ च्या आधीचे.

गिटार साधी नव्हती. आपण नेहमी पाहतो त्या गिटारीचा माथा सपाट असतो आणि मध्ये एक गोल भोक असते. हिचा माथा व्हायोलिनसारखा मधोमध उंच, कडांकडे उतरता. गोल भोकाऐवजी दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षरासारख्या दोन वळणदार फटी. या जातीला आर्चटॉप म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कॅलमाझू गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाच्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून मेंडोलिन आणि गिटारी बनवण्यास आरंभ केला; १८९८ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्याच्या नावाने निघालेल्या कंपनीने १९२२ मध्ये 'एल-५' ही एफच्या फटींची गिटार आणली आणि पुढे जगभरातील कारखान्यांनी तोच घाट उचलला. या गिटारीची घोडी, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी कमान, माथ्याला चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने जागेवर उभी राहते. तारा सैल केल्या की घोडी हाताने उचलून घेता येते. हे मला नंतर कळले, आणि कळल्यावर एक जुनी गोष्ट उलगडली. तिच्याकडे मी येतोच.

काकाजी ही गिटार उभी धरून वाजवीत नसत. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातात पोलादी कांडी घेऊन तारांवरून घसरवीत. हवाईयन गिटार म्हणतात ती हीच पद्धत. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात चित्रपटगीतांच्या धुना त्या वाद्यावर लागत, आणि आमच्या पिढीतील पुष्कळांच्या कानांत तो स्वर अजून असेल. परंतु काकाजींचा ओढा वेगळ्या कारणाने होता. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे तालीम घेऊन याच आडव्या गिटारीवर रागसंगीत वाजवून दाखवले होते, आणि त्यांच्या मांडीवरची गिटारही कमानी माथ्याची होती. १९६७ मध्ये पंडित शिवकुमार शर्मा आणि पंडित हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. नागपुरात वसतिगृहावर ती ऐकून, "आपल्या मारवाडातला माणूस हे करू शकतो" असे म्हणत काकाजी दोन दिवस कॉलेजला गेले नव्हते.

पदवी घेऊन ते परत आले आणि गादीवर बसले. दादाजींनी गिटार फेकून दे असे कधी म्हटले नाही. "दुकानाच्या वेळात नको, सामायिकाच्या वेळात नको," एवढेच त्यांचे म्हणणे. उरलेल्या वेळात, बहुधा रात्री गच्चीवर, काकाजी वाजवीत. पुढे संसार वाढला, वेळ आटला, पेटी माळ्यावर गेली. वर्षातून चार-दोन वेळा खाली उतरत असे, तेवढीच.

आता ओट्यावर उघडलेल्या त्या पेटीत काय होते? तारा गंजून तुटलेल्या. एका खुंटीचे बटण गेलेले. घोडी निखळून पेटीच्या कोपऱ्यात. पाठीचा सांधा हाताच्या बोटाएवढ्या लांबीत उघडलेला. आणि माथ्यावर, डावीकडच्या फटीपासून शेपटीकडे गेलेली, एक वीत लांब भेग. चैत्राच्या उन्हात त्या भेगेतून नखाची कड आत जात होती. मान मात्र सरळ होती. इतकी वर्षे तारांचा ताण नव्हता, म्हणून ती वाकली नव्हती.

ही नीट करायची असे मी ठरवले. घरात प्रश्न निघालाच. छप्पर गळते आहे, मुलीच्या परीक्षा आहेत, आणि तुम्ही एका मोडक्या वाद्यापायी कशाला शिणता? आपल्या धर्मात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर नव्हे, त्यांवरील मूर्च्छेवर बेतलेली आहे. ही मूर्च्छाच नव्हे का, असेही पत्नीने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले. खरे उत्तर मी तेव्हा दिले नाही.

अकोल्यातील जुन्या शहरात हार्मोनियम दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांनी गिटार फारशी हाताळली नव्हती. परंतु लाकूड त्यांना कळते. त्यांनी फटीतून आत लहान दिवा सोडला, दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला आरसा घातला आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "शेठजी, हे काम घाईचं नाही. पयले घाण काढा लागते, मंग जोड. अन आता वैशाखात जोडसान त पावसायात फुगन, पावसायात जोडसान त उन्हायात पुन्हा फाटन. मधला टाइम पाह्य लागते."

हे म्हणणे आम्हा कापूसवाल्यांना समजावून सांगावे लागत नाही. कापसातील ओलावा आठ टक्क्यांच्या आसपास आहे ना, बारांच्या वर तर गेला नाही ना, हे पाहण्यातच आमचा सारा हिवाळा जातो. लाकूडही कापसासारखेच हवेतील पाणी पिते आणि सोडते. तेल्हाऱ्याला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, सातपुड्याकडून येणारा वारा अंग कोरडे करून टाकतो. आणि आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते. पाश्चात्त्य कारागीर अशी वाद्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवावीत असे सांगतात. आमच्या गावात ती अवस्था वर्षातून थोडे दिवसच येते, पाऊस सरल्यानंतर. तेव्हा क्रम ठरला: भेग उघडी आहे तोवर वैशाखात ती स्वच्छ करायची, पावसाळा थांबायचे, आणि कार्तिकात जोड द्यायचा.

स्वच्छता मी स्वतः केली. पेटीत आणि वाद्याच्या पोटात चांदीच्या रंगाचे किडे होते, कोळ्याचे एक घर होते. सामायिकाची मऊ पूंजणी घेऊन तीन संध्याकाळी मी एकेक जीव हळूच कागदावर घेतला आणि मागच्या परसात सावलीला सोडला. पोटातून कापसाचे तंतू निघाले, सरकीची टरफले निघाली, आमच्या गोदामाचाच सारा इतिहास निघाला. भेगेतील धूळ काढण्यास पातळ ब्रश आणि किंचित ओलसर कापूस पुरला. भेगेच्या दोन्ही कडा आतून अजून पांढऱ्या-पिवळ्या, नुकत्या कापलेल्या लाकडासारख्या होत्या. वरचा रंग मधासारखा गडद झाला होता. आत मात्र काळ पोचलेला नव्हता.

यानंतर खरी अडचण उभी राहिली. व्हायोलिन काय, गिटार काय, हे सारे जुने वाद्यकाम सरसाने जोडलेले असते, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी व हाडे शिजवून केलेला डिंक. डोक्याकडे तारा ज्यावरून जातात ती पट्टी हाडाची. अशा जुन्या वाद्यांच्या चकाकीत पुष्कळदा लाख असते, आणि लाख हा कीटकांचा स्राव. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आणि लाक्षावाणिज्य ही दोन्ही आहेत. दादाजींनी तेलाची घाणी काढण्याचा चांगला चाललेला बेत यंत्रपीलनाचा दोष लागेल म्हणून सोडून दिला होता. त्यांच्या घरात मी सरस कसा शिजवावा?

त्यावर उपाय आपल्याच काळाने दिला आहे. १८९३ मध्ये शिकागोला गेलेले वीरचंद राघवजी गांधी ज्या महुव्याचे, त्याच महुव्याचे बळवंतराय पारेख. त्यांनी १९५९ मध्ये फेव्हिकॉल बाजारात आणले ते मुख्यतः सुतारांसाठी. तोवर सुतार सरस वितळवून वापरीत, त्याची दुर्गंधी सहन करीत. कृत्रिम राळेच्या त्या पांढऱ्या डिंकाने देशभरच्या सुतारांच्या शेगडीवरून सरसाचे भांडे उतरवले. मी मिस्त्रींना म्हटले, आपण पांढरा डिंकच लावू.

मिस्त्रींनी मान हलवली. "तुमचा डिंक पक्का हाय, पन तो बसला का बसला. सरसाचा जोड गरम पान्यानं, वाफेनं उघडते. उद्या कोनाले हे उघडा लागलं, त काय करन तो?"

मला याचे उत्तर सुचले नाही. जो जोड पुन्हा उघडता येतो तो चांगला, असे जगभरचे वाद्यकारागीर मानतात. कारण वाद्याचे आयुष्य दुरुस्त करणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा मोठे असते, आणि पुढे कोणाला तरी आपली चूक सुधारावी लागणार असते. शेवटी आम्ही मध्यममार्ग काढला. पाठीच्या सांध्यात मूळचा सरस अजून शिल्लक होता; त्यावर गरम पाण्याचे थेंब सोडून, थोडी ऊब देऊन तोच पुन्हा जागा करायचा. भेगेत मात्र पांढरा डिंक अगदी पातळ लावायचा. हाडाची पट्टी तशीच ठेवायची. ज्या जीवाचे ते हाड, त्याला जाऊन किती दशके झाली असतील, आता ते फेकल्याने ती हिंसा न झालेली होत नाही, आणि नवे घेतल्यास नवी होते. चकाकीला हात लावायचा नाही. जुना रंग जसा आहे तसाच राहू द्यावा हेच जाणकारांचेही मत आहे.

तरीही मनाचे समाधान होईना. ही हिंसा संकल्पी नव्हे हे तर स्पष्ट; मग आरंभी म्हणावी की उद्योगी? जुना सरस पुन्हा वापरणे म्हणजे त्याची अनुमोदना होते काय? चातुर्मासासाठी गावात महासतीजी विराजमान होत्या. दुपारच्या धर्मचर्चेच्या वेळी आम्ही उभयता दर्शनाला गेलो आणि मी सगळे सविस्तर विचारले. सरस, हाड, लाख, एकही गोष्ट सोडली नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "श्रावकजी, मोडली कशी?"

मी म्हटले, "पडली, महाराजसा."

"कोणाच्या हातून?"

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारले नाही. मांगलिक ऐकून आम्ही परतलो. वाटेत पत्नीही काही बोलली नाही, आणि तिचे ते न बोलणे मला ऐकू येत होते.

ती जुनी गोष्ट अशी. १९८३ च्या उन्हाळ्यात मी अकरा वर्षांचा होतो. दुपारी सगळे घर निजलेले असताना सरकीच्या पोत्यांवर चढून मी माळ्यावरची ती पेटी ओढली. तिची कडी लावलेली नव्हती. झाकण उघडले आणि गिटार खालच्या फरशीवर शेपटीवर आपटली. सहाही तारा एकदम वाजल्या, आणि घोडी निखळून दूर गेली. घोडी चिकटवलेली नसतेच हे मला ठाऊक नव्हते. मला वाटले, वाद्याचे मी दोन तुकडे केले. मी सगळे गोळा करून पेटीत घातले, पोत्यांवर चढून पेटी जागेवर सरकवली आणि खाली येऊन झोपेचे सोंग घेतले.

दिवाळीच्या झाडलोटीत काकाजींनी पेटी उघडली. त्या आधीच्या महिन्यात दुकानावरून त्यांच्यात आणि दादाजींत बोलाचाली झाली होती. ते तडक दादाजींपुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्हाला नको होती तर सांगायचे होते. मोडून पुन्हा झाकून ठेवायची काय गरज होती?" दादाजी एवढेच म्हणाले, "मी हात लावलेला नाही." काकाजी म्हणाले, "या घरात खोटे बोलायला आता तुम्हीही शिकलात." मी दारात पणत्यांचे ताट घेऊन उभा होतो. वडील-मुलांत असे शब्द आमच्या घरात त्याआधी कधी उच्चारले गेले नव्हते. माझ्याने तोंड उघडवले नाही.

१९९१ मध्ये दादाजी गेले. त्या आठ वर्षांत ते दोघे भाव, वायदा, उधारी यांविषयीच बोलत. दरवर्षी संवत्सरीला काकाजी त्यांच्या पाया पडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणत, तेही मस्तकावर हात ठेवीत. परंतु त्या दिवाळीचे नाव कोणी काढले नाही. आणि मी? मी दर संवत्सरीला काकाजींपुढे हात जोडले. जाणता-अजाणता, मनाने, वचनाने, कायेने काही घडले असेल तर, असे म्हणत आलो. 'असेल तर' हे दोन शब्द मला फार सोयीचे होते.

महासतीजींच्या प्रश्नानंतरचे ते दिवस मला कठीण गेले. एका मृत जनावराच्या हाडाचा मी बारकाईने हिशेब केला होता. पण माझ्या मौनाने एका मुलाकडून बापाला खोटारडे म्हणवले गेले, तो दोष कोणत्या खात्यावर लिहिलेला होता? हिंसेच्या बाबतीत इतका काटेकोर असणारा मी सत्यव्रताच्या बाबतीत चाळीस वर्षे उधारीवर चाललो होतो.

इकडे पावसाळा लागला होता. वैशाखात ज्या भेगेत नख जात होते ती आषाढात हळूहळू मिटली, आणि श्रावणात तर बोट फिरवूनही कळेना. मुलगी म्हणाली, "पप्पा, ही तर आपोआप बरी झाली!" मी मिस्त्रींना फोन करून सांगितले. ते हसले. "बरी नाही झाली शेठजी. फुगली. चैत लागू द्या, मंग पाहा." दरसालच्या माझ्या हात जोडण्याचे नेमके हेच होत होते. पर्युषणाच्या ओलाव्यात भेग मिटलेली दिसे. जोड कधी लागलेलाच नव्हता. प्रायश्चित्ताच्या प्रकारांत पहिले स्थान आलोचनेला का, हे मी लहानपणापासून ऐकले होते. ते समजले मात्र त्या श्रावणात.

संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींचे पारणे झाल्यावर मी गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो. ती चटईवर ठेवली आणि सर्व सांगितले. पोती, कडी, फरशी, झोपेचे सोंग, पणत्यांचे ताट. एकही शब्द मऊ केला नाही. ते ७६ वर्षांचे आहेत. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. मग त्यांनी मिटलेल्या भेगेवरून बोट फिरवले आणि विचारले, "कोणत्या बाजूने पडली?"

मी दाखवले.

"हां. शेपटीकडून," ते म्हणाले. बराच वेळ गेला. बाहेर दूधवाला येऊन गेला. मग ते म्हणाले, "तुझे दादाजी खरे बोलले होते."

मी हात जोडून बसलो होतो. त्यांनी मला 'क्षमा केली' असे म्हटले नाही. ते म्हणाले, "तुला मला खमावता आले. आता मी कोणाला खमावू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. माझे एक अकरा वर्षांचे भय एवढे मोठे झाले होते की त्याने दुसऱ्याच्या खात्यावर एक न फिटणारे देणे चढवून ठेवले. मी घरी परतलो. पुढे महिनाभर काकाजी आमच्याकडे आले नाहीत. काकीजी येत, खुशाली सांगत. मी गिटार पेटीत ठेवून दिली. ती नीट करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, असे वाटू लागले होते.

दिवाळीनंतर, कापसाची आवक जोरात असताना, एका संध्याकाळी ते आपणहून आले. चपला काढता काढता त्यांनी विचारले, "जोड दिला का?"

"नाही दिला."

"मग मिस्त्रीला बोलाव. हवा बरी आहे आता."

मिस्त्री आले. पाठीच्या सांध्यावर गरम पाण्याचे थेंब सोडले, गरम इस्त्रीची ऊब कापडातून दिली, आणि जुना सरस खरोखरच मऊ होऊन पुन्हा धरला. भेगेत पांढरा डिंक पातळ नळीने सोडला. आतून आधार म्हणून लाकडाच्या रुपयाएवढ्या तीन चकत्या, त्यांच्या रेषा भेगेला आडव्या येतील अशा, चिकटवल्या. आतपर्यंत हात पोचत नाही. तेव्हा एक लोहचुंबक आतून आणि एक बाहेरून लावून चकत्या जागी धरल्या. ही युक्ती माझ्या मुलीने मोबाइलवर शोधली होती. मिस्त्रींना ती इतकी आवडली की त्यांनी ते चुंबक मागून नेले. जोड लागल्यावर भेगेवर रंग देऊन ती लपवू का, असे त्यांनी विचारले. काकाजी म्हणाले, "नको. दिसू दे."

आठ दिवसांनी तारा चढवल्या. सहा तारांचा मिळून ओढा साधारण सत्तर किलोच्या घरात जातो. कापसाची गाठ १७० किलोची असते; म्हणजे जवळजवळ अर्ध्या गाठीचा भार त्या पातळ लाकडाने धरायचा. एकेक खुंटी पिळताना मी भेगेकडेच पाहत होतो. काकाजी पाहत नव्हते. ते घोडीकडे पाहत होते. घोडी चिकटवलेली नसल्यामुळे तिची जागा कानाने शोधावी लागते. तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्याशी, नुसते बोट टेकवून एक सूर काढायचा, मग तीच तार तेथेच दाबून दुसरा काढायचा. दोन्ही एक आले तर घोडी जागेवर आहे. दाबलेला सूर चढा आला तर घोडी किंचित शेपटीकडे न्यायची, उतरा आला तर अलीकडे. मला दोन्ही सूर सारखेच वाटत होते. काकाजींना वाटत नव्हते. एका केसाइतकी मागे, अर्ध्या केसाइतकी पुढे, असे त्यांनी तासभर चालवले. मग त्यांनी डोक्याकडे पोलादाची उंच पट्टी बसवली, जिच्यामुळे तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात, गिटार मांडीवर आडवी घेतली आणि खिशातून जुनी कांडी काढली. ती कांडी इतकी वर्षे त्यांच्या कपाटात होती हे काकीजींनाही ठाऊक नव्हते.

त्यांनी कोणतेही गाणे वाजवले नाही. हात कापतो, त्यामुळे सूर थरथरतो. षड्जावरून पंचमापर्यंत एक लांब मींड घेतली, ती पोचली नाही. दुसऱ्यांदा घेतली, पोचली. मग म्हणाले, "गच्चीवर वाजवायचो तेव्हा दादाजी खाली जागे असायचे. खोकल्यावरून कळायचे. कधी 'बंद कर' म्हटले नाही." एवढेच.

गिटार आता त्यांच्याकडे असते. उन्हाळ्यात पेटीत ओला स्पंज ठेवावा लागतो, म्हणजे लाकूड एकदम सुकत नाही. तो दर दोन दिवसांनी बदलावा लागतो. यंदाच्या वैशाखात मी मुद्दाम जाऊन भेगेवरून नख फिरवले. ती उघडलेली नाही. स्पंज बदलण्याची आठवण करून द्यायला गेलो तर पाहिले, तो सकाळीच बदललेला होता. काकाजी ओट्यावर बसून उन्हे उतरण्याची वाट पाहत होते, आणि त्यांच्या शेजारी माळ्यावरून उतरवलेला दादाजींचा एक जुना फोटो, काच पुसून, भिंतीला टेकवून ठेवलेला होता.